घरातल्या नेटवर्कसाठी प्लॅस्टिक ऑप्टिकल फायबरचं किट कसं निवडावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राउटर एका खोलीत, काम दुसऱ्या खोलीत, मधे दोन जाड भिंती, आणि तोडफोड करायला घरात कुणीच तयार नाही. प्लॅस्टिकच्या फायबरची चौकशी बहुतेक वेळा इथून सुरू होते. माझं मत आधीच सांगून टाकावंसं वाटतं: केबल कुठून कुठे आणि कशातून जाणार हे पहिल्यांदा ठरवा, किटचे डबे (लॅनचा सिग्नल प्रकाशात आणि प्रकाश पुन्हा लॅनच्या सिग्नलमध्ये बदलणारे मीडिया कनव्हर्टर) त्यानंतर पाहा. मार्ग ठरला की वेग, केबलची जाडी, डब्याचा प्रकार हे बरेचसे प्रश्न त्यातूनच सुटत जातात. मार्ग न ठरवता घेतलेलं किट चांगलं असूनही कपाटात पडून राहू शकतं.

प्लॅस्टिक ऑप्टिकल फायबर म्हणजे नेमकं काय?

प्रकाश वाहून नेणारा, अ‍ॅक्रिलिकचा बारीक धागा. त्याला पीओएफ असंही म्हणतात. गाभा पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेटचा, म्हणजे पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा, सुमारे ०.९८ मिमी जाडीचा असतो. त्यावर फ्लोरिनयुक्त प्लॅस्टिकचा अगदी पातळ थर असतो आणि तो धरून व्यास १ मिमी होतो. गाभ्यातून जाणारा प्रकाश या थराच्या सीमेवरून पुन्हा आत परावर्तित होत पुढे सरकतो. बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण चढवलं की एका पदराची जाडी साधारण २.२ मिमी होते. घरगुती किटमध्ये असे दोन पदर एकमेकांना चिकटलेले असतात, एक जाण्यासाठी आणि एक येण्यासाठी. त्यामुळे केबल चपटी दिसते: २.२ मिमी जाड, ४.४ मिमी रुंद.

प्रकाश लाल असतो, ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि डोळ्यांना दिसतो. जोडणी करताना याचा किती उपयोग होतो ते पुढे येईलच.

इंटरनेट कंपनीचं फायबर घरात येतं, ते आणि हे एकच का?

नाही. कंपनीचं फायबर काचेचं असतं आणि त्याचा गाभा साधारण ९ मायक्रोमीटरचा असतो. प्लॅस्टिकच्या फायबरचा गाभा त्याच्या शंभरपटीहून जाड. प्रकाशाची तरंगलांबीही वेगळी असते. म्हणून कंपनीच्या मोडेमच्या हिरव्या टोकाच्या कनेक्टरमध्ये प्लॅस्टिकचं फायबर लावता येत नाही, आणि कंपनीची काचेची केबल पुढे लांबवायला या किटचा उपयोग नाही. किटचं काम मोडेम किंवा राउटरच्या पुढे सुरू होतं: राउटरच्या साध्या लॅन पोर्टपासून दुसऱ्या खोलीपर्यंत.

गाभा जाड असल्याचा फायदा काय आणि तोटा काय?

फायदा हातांना जाणवतो. ९ मायक्रोमीटरचे दोन गाभे समोरासमोर आणायला अचूक यंत्र लागतं, टोक साफ करायला वेगळं साहित्य लागतं. १ मिमीचा धागा साध्या धारदार पात्याने कापून थेट डब्यात खोचता येतो. थोडा सरकला तरी प्रकाश जातोच. हे काम घरात कुणालाही जमण्यासारखं आहे, आणि याच एका गुणामुळे प्लॅस्टिकचं फायबर घरांसाठी टिकून आहे.

तोटे दोन. पहिला, प्लॅस्टिक प्रकाश फार शोषतं. ६५० नॅनोमीटरला दर मीटरमागे साधारण ०.१५ ते ०.२ डेसिबल प्रकाश कमी होतो, म्हणजे दर १५ ते २० मीटरला तो निम्म्यावर येतो. कंपनीच्या बारीक गाभ्याच्या काचेच्या (सिंगल मोड) फायबरमध्ये १३१० नॅनोमीटरला एवढी घट व्हायला आठेक किलोमीटर लागतात. दुसरा तोटा वेगाचा. रुंद गाभ्यात काही किरण सरळ जातात, काही भिंतींवर आपटत तिरके जातात. तिरक्यांचा रस्ता लांब म्हणून ते मागून पोहोचतात. लागोपाठ पाठवलेले ठोके अंतर वाढेल तसे एकमेकांत मिसळू लागतात. अंतर आणि वेग या दोन्हींवर मर्यादा येते ती या दोन कारणांनी.

मग सरळ तांब्याची कॅट-६ केबल का टाकू नये?

टाकता येत असेल तर तीच टाका. हे मी अगदी मनापासून सांगतो. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट सहज नेते, कॅट-६ असेल तर चांगल्या परिस्थितीत ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही नेते. दोन्ही टोकांना डबे नकोत, अडॅप्टर नकोत, आणि कॅमेरा किंवा वाय-फायच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला वीजही तीच पुरवते.

प्लॅस्टिकचं फायबर उपयोगी पडतं ते ही केबल अडते तिथे. कॅट-६ साधारण ६ मिमी जाड असते, आणि आधीच तारांनी भरलेल्या पाइपात ती शिरत नाही. तयार केबल असेल तर तिचा प्लग जवळपास १२ मिमी रुंद असतो, तो कोपऱ्यात अडकतो. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ती धातूची आहे. घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारा तयार पाइप बहुधा विजेचाच असतो, आणि त्यात नेटवर्कची तांब्याची तार घालणं धोक्याचं आहे. सदोष तारेतून तिच्यात वीज उतरू शकते आणि मुख्य पुरवठ्याचा गोंगाट सिग्नलमध्ये मिसळतो.

विजेच्या पाइपातून प्लॅस्टिकचं फायबर खरंच नेता येतं का?

बहुतेक लोक या किटकडे वळतात ते याच कारणासाठी, म्हणून जरा सविस्तर.

फायबरमध्ये धातू नसतो. त्यातून वीज वाहत नाही, आणि शेजारच्या तारेच्या चुंबकीय क्षेत्राचा प्रकाशावर परिणाम होत नाही. मोटर सुरू होऊ दे की बंद, जोडणीला त्याचं काही नसतं. अनेक देशांच्या विद्युत नियमांत अधातू प्रकाशीय केबल विजेच्या तारांबरोबर नेण्याची मुभा आहे. पण अटी जागोजागी वेगळ्या आहेत: आवरण कशाचं असावं, पाइप किती भरलेला चालतो, स्विचबोर्डच्या पेटीत नेटवर्कचा भाग आणि विजेचे स्क्रू यांच्यात पडदा हवा का. आपल्याकडे लागू असलेला नियम परवानाधारक इलेक्ट्रिशियनला विचारूनच पुढे जा.

काम करताना मुख्य स्विच बंद हवा. केवळ त्या खोलीचा नाही, मुख्य. फायबर निर्धोक असलं तरी ते ज्या तारांच्या शेजारून ओढायचं आहे त्या निर्धोक नाहीत, आणि पाइपात सरकवायची स्टीलची स्प्रिंग तर धातूचीच असते. नायलॉनची स्प्रिंग वापरा. जुन्या घरात तारांचं आवरण कडक होऊन तडकलेलं असू शकतं. अशा पाइपात काहीही ओढलं की ते आवरण खरवडलं जातं. तारा तशा दिसल्या तर फायबरचा विचार थांबवून आधी वायरिंग दुरुस्त करून घ्या.

आणखी एक. केबल घेताना तिच्या कागदावर चालणारं तापमान पाहा. साधं फायबर ७० अंश सेल्सियसपर्यंत, चांगलं ८५ पर्यंत चालतं. गिझर किंवा ओव्हनसारख्या जड भाराच्या तारा असलेला पाइप टाळा.

पाइपच नसेल तर?

तरी उपयोग आहे. बारीक केबल भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीच्या मागून, दाराच्या चौकटीच्या कडेने, गालिच्याच्या काठाखालून जाते आणि डोळ्यांना फारशी खुपत नाही. पाय पडतील अशा जागेतून मात्र नेऊ नका. सततच्या दाबाने फायबर चपटं होतं आणि प्रकाश गळायला लागतो.

वाय-फाय मेश किंवा पॉवरलाइन अडॅप्टर पुरेसे नाहीत का?

कधी कधी पुरतात. फोनवर व्हिडिओ पाहण्याइतकंच हवं असेल तर मेश लावून पाहा, केबलचा व्याप नको. पण मेशचे डबे एकमेकांशी हवेतून बोलतात तेव्हा मधली जाड भिंत त्यांनाही अडवते. मेशच्या दोन डब्यांमध्ये प्लॅस्टिकचं फायबर टाकलं तर दोन्हीचा मेळ छान बसतो: भिंत फायबर ओलांडतं आणि खोलीत वाय-फाय पसरतं. मेश घेताना त्याच्या डब्याला लॅन पोर्ट आहे आणि तो तारेने जोडता येतो, एवढं तपासा.

पॉवरलाइन विजेच्या तारांवरूनच माहिती पाठवतं. ते किती चालेल हे घराच्या वायरिंगवर आणि त्या क्षणी चालू असलेल्या उपकरणांवर ठरतं, त्यामुळे सकाळचा वेग आणि रात्रीचा वेग वेगळा निघू शकतो. फायबरचा वेग तसा हलत नाही.

हे तंत्र नवीन आहे का? भरवसा ठेवावा का?

नवीन अजिबात नाही. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेला टॉसलिंक, म्हणजे टीव्ही आणि साउंडबारमधली लाल उजेडाची ऑडिओ केबल, याच जातीच्या फायबरवर चालतो. मोटारींतल्या मोस्ट नावाच्या जाळ्यातही हेच फायबर वर्षानुवर्षं वापरलं गेलं. तिथली उष्णता आणि थरथर घरापेक्षा कितीतरी जास्त. गिगाबिट इथरनेटसाठी आयईईई ८०२.३बीव्ही हे मानक २०१७ मध्ये आलं.

किटमध्ये काय काय असायला हवं?

दोन मीडिया कनव्हर्टर, त्यांचे दोन अडॅप्टर, पुरेशी दुपदरी फायबर केबल, राउटरला आणि उपकरणाला जोडायच्या दोन छोट्या लॅन केबल, आणि फायबर कापायचं कटर. कटर नसलेलं किट स्वस्त वाटलं तरी कटर वेगळं घ्यावंच लागेल हे धरून चाला.

दोन्ही टोकांना विजेचा पॉइंट लागतो. हे कागदावर उघड दिसतं, पण प्रत्यक्षात टीव्हीच्या मागे एकही पॉइंट रिकामा नसतो. काही कनव्हर्टर यूएसबीवर चालतात. राउटरला किंवा टीव्हीला यूएसबी पोर्ट असेल तर अडॅप्टर वाचतो. मात्र टीव्ही बंद झाल्यावर त्याच्या पोर्टचा पुरवठा चालू राहतो का ते पाहा, नाहीतर टीव्हीबरोबर नेटही जाईल.

१०० मेगाबिटचं किट घ्यावं की गिगाबिटचं?

गिगाबिटचं, असं माझं सरळ उत्तर आहे.

१०० मेगाबिटच्या जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला ९४-९५ मेगाबिट हाती येतात. टीव्हीवर सर्वोच्च दर्जाचा चित्रपट एका वेळी पाहायला ते भरपूर आहेत. पण घरात येणारी जोडणीच २०० किंवा ३०० मेगाबिटची असेल तर हे किट म्हणजे आपणच मधे बसवलेला अडथळा. दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट लावून चार-पाच जण वापरणार असतील तर तो लगेच जाणवतो. गिगाबिटवर हाती साधारण ९४० मेगाबिट येतात.

१०० मेगाबिटचं किट दोन परिस्थितींत योग्य. एक, पलीकडच्या टोकाला एकच उपकरण आहे आणि त्याचा स्वतःचा पोर्टच १०० मेगाबिटचा आहे. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट तसाच असतो. दोन, अंतर इतकं आहे की गिगाबिटचा डबा तिथवर पोहोचत नाही.

खोक्यावरचा आकडा नीट वाचा. दोन्ही दिशांचा वेग मिळवून १०० च्या जागी २०० लिहिलेलं आढळू शकतं. फायबरच्या बाजूचा वेग आणि लॅन पोर्टचा वेग हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि जो लहान तोच आपला. पोर्ट गिगाबिटचा पण आतली प्रकाशाची जोडणी १०० मेगाबिटची, असंही असू शकतं.

किती लांबीपर्यंत चालतं?

८०२.३बीव्हीने घरगुती गिगाबिटसाठी ५० मीटरचं उद्दिष्ट धरलं आहे. १०० मेगाबिटचे डबे साधारणपणे त्याहून थोडे पुढे जातात. नेमका आकडा उत्पादकाच्या माहितीपत्रकात असतो आणि तोच धरायचा.

पण ५० मीटर ऐकून निर्धास्त होऊ नका. ती सरळ, नीट कापलेल्या, न जोडलेल्या केबलची गोष्ट आहे. हिशेब असा करा: ४० मीटर केबल, मीटरला ०.१८ डेसिबल, म्हणजे ७.२ डेसिबलची घट. वाटेत एक जोड दिला तर त्याचे दीड-दोन डेसिबल आणखी. १० डेसिबल घट झाली तर पाठवलेल्या प्रकाशाचा दहावा भागच पोहोचतो. त्यात घट्ट वळणं आणि वाकडं कापलेलं टोक मिळालं की जोडणी काठावर येते. म्हणून गिगाबिटसाठी ३० मीटरच्या आत राहायला बघा. बहुतेक घरांत ते जमतं.

लांबी मोजताना हवाई अंतर मोजू नका. पाइप स्विचबोर्डवरून वर छतापर्यंत जातो, छतातून फिरतो आणि पुन्हा खाली येतो. शेजारच्या खोलीतला पॉइंट सरळ चार मीटरवर असेल, पण केबल बारा मीटर लागेल. सुतळी घेऊन तोच मार्ग भिंतीवरून मोजा आणि दोन्ही टोकांना मीटरभर जास्त धरा.

बारीक केबल मिळते, ती घ्यावी का?

२.२ मिमीऐवजी १.५ मिमी पदराची, म्हणजे ३ मिमी रुंद केबल मिळते. आतलं फायबर तेच १ मिमीचं, फक्त आवरण पातळ. भरलेल्या पाइपात हा फरक निर्णायक ठरतो. मात्र ती ओढताना जास्त जपावी लागते, आणि डब्याची खाच २.२ मिमीसाठीच असेल तर ती सैल बसते. डब्याच्या माहितीत आवरणाचा व्यास दिलेला असतो, तो जुळवून घ्या.

उघडं टोक खोचायचा डबा बरा की प्लगवाला?

घरासाठी उघड्या टोकाचा. केबल कापली, खाचेत सारली, कुलूप दाबलं, झालं. पाइपातून न्यायचं ते फक्त केबलचं टोक असतं, त्यावर प्लगचं ओझं नसतं. लांबी चुकली तर कापून पुन्हा खोचता येतं. प्लगवाला प्रकार सतत काढघाल करायची असेल तिथे बरा. किट निवडताना खाचेचं कुलूप हाताने ओढून पाहण्याची संधी मिळाली तर सोडू नका. केबल त्यात पक्की धरली गेली पाहिजे.

भिंतीत बसणारे डबेही असतात, ते कसे?

स्विचबोर्डच्या चौकटीत बसणारा कनव्हर्टर दिसायला नेटका आणि त्याला वेगळा अडॅप्टर नको, कारण तो मुख्य पुरवठ्यावरच चालतो. पण त्याचं बसवणं हे इलेक्ट्रिशियनचं काम आहे, आणि चौकटीचा आकार व खोली जुळली पाहिजे. भाड्याच्या घरात मी टेबलावरचाच डबा घेईन. निघताना उचलून नेता येतो.

फायबर कापायचं कसं?

काटकोनात, एका दमात, नव्या पात्याने. किटबरोबर येणाऱ्या छोट्या कटरमध्ये केबलसाठी भोक असतं आणि पातं त्यावर सरळ उतरतं. कात्री किंवा पक्कड वापरू नका. त्यांनी फायबर चिरडलं जातं आणि टोक पांढुरकं होतं. टोक चपटं, चकचकीत आणि गोल दिसलं पाहिजे. तिरकं किंवा ओरखडलेलं दिसलं तर सेंटिमीटरभर मागे सरकून पुन्हा कापा. मीटरभर जास्त केबल ठेवायची ती यासाठीच. घासून चमकवण्याची गरज घरगुती अंतरांना सहसा पडत नाही.

टोक पुसायचं तर कोरड्या, मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने. थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश काढायचं द्रव यांच्या जवळही नेऊ नका. अ‍ॅक्रिलिक त्यांत विरघळतं. स्पिरिटनेही ताण पडलेल्या अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जाऊ शकतात.

दोन पदरांपैकी कोणता कुठे लावायचा?

एका डब्याचा प्रकाश पाठवणारा भाग दुसऱ्याच्या प्रकाश घेणाऱ्या भागाला जोडला गेला पाहिजे. म्हणजे दोन पदर एका टोकाला उलटे लागतात. इथे लाल प्रकाश कामी येतो. एक डबा चालू करा, केबलचं एक टोक त्यात खोचा आणि दुसऱ्या टोकाला पाहा: जो पदर लाल दिसतो तो या दुसऱ्या टोकाच्या डब्याच्या घेणाऱ्या खाचेत जायला हवा. अनेक केबलींच्या एका पदरावर छपाई किंवा उंचवट्याची रेघ असते, तिची नोंद ठेवली तर पुन्हा शोधावं लागत नाही. चुकून उलटं लागलं तर काही बिघडत नाही, फक्त जोडणीचा दिवा लागत नाही.

हा प्रकाश डोळ्यांना धोकादायक आहे का?

घरगुती किटमध्ये कमी ताकदीचा एलईडी असतो, लेसर नाही. एक नजर टाकायला हरकत नाही, पण टोक डोळ्याजवळ धरून टक लावून पाहू नका. कागदावर लाल ठिपका पाडला तरी कळतं. आणि ही सवलत काचेच्या फायबरला कधीही लावू नका. तिथला लेसर अदृश्य असतो आणि डोळ्यांना इजा करू शकतो.

केबल किती वाकवता येते?

साध्या फायबरला २५ मिमी त्रिज्या, म्हणजे ५ सेमी व्यासाच्या वर्तुळापेक्षा घट्ट वळण देऊ नये. त्याहून घट्ट वळलं की काही किरण गाभ्यात परत न वळता बाहेर पडतात. एखाद्या वळणाने जोडणी तुटत नाही, चार-पाच वळणांचा हिशेब एकत्र लागतो. घडी मात्र पडता कामा नये. एकदा घडी पडली की ती खूण कायमची; सरळ केली तरी तिथून प्रकाश गळत राहतो. खिळा ठोकणारे क्लिप घट्ट मारू नका, प्लॅस्टिकची बांधपट्टीही आवळू नका.

केबल तुटली किंवा कमी पडली तर जोड देता येतो का?

येतो, साधा जोडतुकडा मिळतो. दोन्ही टोकं नीट कापून आत समोरासमोर सारायची. पण वर म्हटल्याप्रमाणे प्रत्येक जोड प्रकाश खातो. गिगाबिटवर एक जोड ठीक, दुसऱ्याची वेळ आली तर पूर्ण नवी केबल ओढा. पाइपाच्या आत, हात न पोहोचणाऱ्या जागी जोड ठेवू नका.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकमेकांशी चालतील?

जोडी एकाच उत्पादकाची, एकाच मॉडेलची घ्या. गिगाबिटमध्ये दोन्हींवर ८०२.३बीव्ही लिहिलेलं असेल तर चालण्याची शक्यता चांगली आहे. तसा उल्लेख नसेल, विशेषतः १०० मेगाबिटच्या डब्यांत, तर ते जमेल असं धरून पैसे घालू नयेत. केबल मात्र कुणाचीही चालते. १ मिमीची, स्टेप इंडेक्स, ए४ए वर्गाची असली म्हणजे झालं.

ऑडिओची टॉसलिंक केबल घरात पडून आहे, ती वापरू का?

तिचं टोक खाचेत बसणार नाही, आणि ती एकपदरी असते. नको.

ग्रेडेड इंडेक्सचं प्लॅस्टिक फायबरही दिसतं, ते घ्यावं का?

ते वेगळ्या, फ्लोरिनयुक्त प्लॅस्टिकचं असतं, गाभा बारीक असतो आणि वेग पुष्कळ जास्त झेपतो. पण १ मिमीच्या किटचे डबे त्याला चालत नाहीत. केबल वेगळी विकत घेताना या दोन नावांत गल्लत होते, म्हणून व्यास वाचूनच घ्या.

कॅमेऱ्याला याच केबलमधून वीज देता येईल का?

नाही. प्रकाश जातो, वीज जात नाही. कॅमेऱ्याच्या टोकाला कनव्हर्टर आणि त्यापुढे वीज देणारा इंजेक्टर किंवा स्विच लावावा लागेल. एवढं सगळं छताजवळ मावत नसेल तर तांब्याचाच मार्ग शोधा.

वीज कडाडते तेव्हा याचा काही फायदा?

आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. घराच्या दोन भागांत किंवा घर आणि बाहेरच्या खोलीत तांब्याची केबल असेल तर विजेचा लोंढा तिच्यावरून एका टोकाच्या उपकरणांतून दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. फायबरने तो रस्ता बंद होतो. अडॅप्टरच्या बाजूने येणारा लोंढा मात्र फायबर थांबवत नाही, त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर हवाच. आणि बाहेर उघड्यावर केबल न्यायची तर ऊन सोसणाऱ्या आवरणाची घ्या, शक्यतो पाइपातून न्या.

एका किटमधून तीन खोल्या जोडता येतील का?

एक किट म्हणजे दोन टोकं. तीन खोल्यांना राउटरपासून तीन वेगळ्या केबली लागतील, किंवा दोन-तीन फायबर खाचा असलेला स्विचसारखा डबा. तसा डबा मधल्या खोलीत ठेवून पुढे दुसरी केबल नेता येते. साखळीत पुढच्या खोल्या आधीच्या खोलीतल्या विजेवर अवलंबून राहतात, हे लक्षात ठेवा.

गेमिंग, टीव्हीची सेवा, ऑफिसचं व्हीपीएन, यात अडचण येते का?

कनव्हर्टर पाकिटं आहेत तशी पुढे ढकलतो, त्यांच्या आत डोकावत नाही. प्रकाशाला ३० मीटर फायबर पार करायला सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. डब्यांचा विलंब मिळवला तरी खेळात तो जाणवण्याजोगा नाही. टीव्हीच्या सेवेसाठी व्हीलॅन (एकाच केबलवर वेगळं ठेवलेलं आभासी जाळं) वापरत असाल तर तो जाऊ दिला जातो का, एवढं माहितीपत्रकात पाहा.

दिवा लागला, पण वेग कमी येतो. कुठे शोधू?

आधी लॅनच्या बाजूला. छोटी लॅन केबल जुनी किंवा एक जोडी तुटलेली असली तर गिगाबिटचा पोर्ट १०० वर उतरतो, आणि दोष फायबरवर जातो. ती बदलून पाहा. मग लॅपटॉप राउटरला थेट लावून वेग मोजा, तोच कमी असेल तर किटचा संबंध नाही. यानंतर फायबरची टोकं: दोन्ही पुन्हा कापा आणि खाचेत शेवटपर्यंत सारा. अर्धवट खोचलेलं टोक हे अशा त्रासाचं फार नेहमीचं कारण आहे. मग वळणं. काही डब्यांवर प्रकाश पुरेसा पोहोचतो की नाही ते दिव्याच्या रंगाने कळतं; केबल जागोजागी मोकळी करत रंग बदलतो का पाहिलं तर दोषाची जागा सापडते.

म्हणूनच केबल ओढण्याआधी, ती वेटोळ्यातच असताना, दोन्ही डबे शेजारी ठेवून एकदा जोडणी चालवून बघा. नंतर त्रास झाला तर तो ओढतानाच्या घडीचा की किटचाच, हा संशय उरत नाही.

पुढे गिगाबिट कमी पडलं तर?

१०० मेगाबिटचं किट असेल तर केबल तीच ठेवून फक्त डबे बदलता येतात, अंतर ५० मीटरच्या आत असलं तर. गिगाबिटच्या पुढे मात्र १ मिमीच्या या फायबरकडून घरगुती अंतरावर फार अपेक्षा ठेवू नका. तेव्हा घट्ट वळणं सोसणाऱ्या जातीचं काचेचं फायबर, तयार टोकांसह, हा मार्ग आहे. त्याला १० गिगाबिटही अवघड नाही. आज प्लॅस्टिकची केबल ओढतानाच तिच्यासोबत पाइपात एक मोकळी नायलॉनची दोरी सोडून द्या आणि तिची दोन्ही टोकं चौकटीत गाठ मारून ठेवा. नवी केबल त्याच दोरीने आत येईल, आणि ती लागेपर्यंत जुनी चालू ठेवता येईल.